सोळाव्या वर्षीची नोंद काढून घेताना

भरतीची अंतिम निवड यादी लागते, गावात पेढे वाटले जातात आणि काही दिवसांत साक्षांकन नमुना, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठीचा माहितीचा फॉर्म, भरायला मिळतो. त्यात एक रकाना असतो: आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता काय, अटक झाली होती काय. आमच्याकडे येणारी मुलं बहुधा या रकान्यापाशी अडून आलेली असतात. आता वय बावीस-तेवीस, प्रकरण सोळाव्या-सतराव्या वर्षीचं. विहिरीवरची मोटर, शेतातली केबल, बसस्टँडवरून नेलेली मोटारसायकल, यात्रेतली हाणामारी. बाल न्याय मंडळाने तेव्हा समज देऊन सोडलेलं असतं आणि घरच्यांनी विषय बंद केलेला असतो. ठाण्याच्या रजिस्टरात आणि संगणकात तो चालूच राहतो.

बीड, जालना, धाराशिव या पट्ट्यात आमच्यातले काही जण बाल न्याय मंडळासमोर मुलांची कामं चालवतात, काही जण पालकांबरोबर मंडळात, ठाण्यात आणि पोलीस अधीक्षक कार्यालयात जातात. ही नोंद काढून घेण्याचं काम कसं चालतं आणि कुठे अडतं, तेवढंच इथे सांगायचं आहे.

कायदा मुलाच्या बाजूने आहे, आणि अगदी स्पष्ट शब्दांत आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये नव्या सुरुवातीचं तत्त्व आहे: विशेष परिस्थिती सोडली तर मुलाची मागची सगळी नोंद पुसली जावी. कलम २४(१) म्हणतं की या कायद्याखाली ज्याचं प्रकरण चाललं, त्याला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागणार नाही. कलम २४(२) खाली मंडळाने पोलिसांना नोंद नष्ट करण्याचा आदेश द्यायचा असतो. आणि कलम ७४(२) नुसार चारित्र्य प्रमाणपत्रासाठी किंवा अन्य कारणासाठी पोलिसांनी मुलाची नोंद उघड करायची नाही. आधी हे संरक्षण फक्त निकाली प्रकरणांना होतं. २०२१ च्या दुरुस्तीने ते प्रलंबित प्रकरणांनाही मिळालं. ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. कलम ७४(१) मोडून मुलाची ओळख माध्यमांत उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

२४(२) आणि ७४(२) ही दोन वेगळी संरक्षणं आहेत, हे पालकांना आम्ही पहिल्याच भेटीत समजावतो. नोंद नष्ट व्हायला वेळ लागतो. ती नष्ट होईपर्यंतही पोलिसांना ती कुणाला सांगता येत नाही. ‘अजून सात वर्षं झाली नाहीत, तेव्हा नाव येणारच’ असं ठाण्यात सांगितलं जातं, ते चूक आहे (ही सात वर्षं नियम १४ मधली, त्याबद्दल पुढे).

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासायची: प्रकरण खरोखर संपलं आहे का? घरच्यांकडे विचारलं तर ‘कवाच मिटलं’ असं उत्तर येतं आणि कागद एकही नसतो. मंडळाच्या कार्यालयात मुलाचं नाव, पोलीस ठाणं आणि अंदाजे वर्ष सांगून प्रकरण क्रमांक काढावा लागतो. रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, पाहिला की बऱ्याचदा दिसतं, शेवटची तारीख पाच वर्षांपूर्वीची, मूल गैरहजर, पोलिसांचा अंतिम अहवाल आलेला नाही, पुढे काहीच नाही. म्हणजे कागदावर प्रकरण अजून उघडंच. गैरहजेरीचं कारण आमच्या भागात नवं नाही. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला कोयता निघतो, अख्खं घर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर जातं आणि उन्हाळ्यात परततं. मधल्या सगळ्या तारखा हुकतात. समन्स कुलूप लावलेल्या दारावरून परत येतं.

अशा प्रकरणात कलम १४ कामी येतं. मुलाला मंडळासमोर पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत चौकशी संपवायची असते. मंडळ कारणं नोंदवून आणखी दोन महिने वाढवू शकतं. किरकोळ गुन्ह्यात, म्हणजे ज्याची जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे अशा गुन्ह्यात, वाढीव मुदतीतही चौकशी पूर्ण झाली नाही तर कार्यवाही संपुष्टात येते. साधी चोरी यातच बसते. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ ला कमाल तीन वर्षं होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०३(२) खालीही पहिल्या गुन्ह्याला कमाल तीनच वर्षं आहेत. तेव्हा मोटर चोरीचं पाच वर्षं लोंबकळलेलं प्रकरण कायद्याने कधीच संपलेलं असतं, फक्त तसा आदेश कुणी लिहून घेतलेला नसतो. कलम १४(४) चा उल्लेख करून एक पानी अर्ज द्यावा आणि ‘कार्यवाही संपुष्टात आली आहे’ असा लेखी आदेश घ्यावा. अंतिम निकालाच्या वेळी प्रधान दंडाधिकाऱ्यांसह किमान दोन सदस्य हजर लागतात. मंडळात सदस्यांच्या जागा रिकाम्या असतील तर तारीख पुढे जाते. भरतीची मुदत जवळ असेल तर त्या मुदतीचं पत्र अर्जाला जोडावं, मंडळं ते लक्षात घेतात.

प्रकरण गंभीर किंवा अतिगंभीर गुन्ह्याचं असेल तर हा मार्ग चालत नाही. तिथे चौकशी पूर्ण करून घेण्यावाचून इलाज नाही.

नोंद नष्ट करण्याचा अर्ज मंडळाकडेच करायचा, मूल आता अठराच्या पुढे गेलं असलं तरी. अर्जाचा विषय सरळ लिहावा: कलम २४(२) आणि २०१६ च्या आदर्श नियमांतील नियम १४ अन्वये अभिलेख नष्ट करण्याबाबत. सोबत अंतिम आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल, जन्मतारखेचा पुरावा, आधारची प्रत, आणि आदेशात परिविक्षा (चांगल्या वर्तनाच्या अटीवर देखरेखीखाली सोडणं), सामाजिक सेवा किंवा दंड असेल तर ते पूर्ण झाल्याचा कागद. दंडाची पावती हरवलेली असते. मंडळाच्या कार्यालयात त्याची नोंद असते, तिची नक्कल मागता येते. परिविक्षा पूर्ण झाल्याचं पत्र परिविक्षा अधिकाऱ्याकडून घ्यावं लागतं आणि अधिकारी बदलून गेलेले असले तर फाइल शोधण्यात महिना जातो, म्हणून या कागदापासून सुरुवात करावी. अर्जाचे किमान पाच संच काढावेत. बारनिशीत आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कोणत्याही टेबलावरून उठू नये. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं.

नियम १४ ची भाषा अशी आहे की दोषसिद्धीची नोंद अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं जपायची, त्याहून जास्त नाही, आणि मग नष्ट करायची. मंडळाच्या आदेशावर अपील ३० दिवसांत बालन्यायालयात करता येतं. काही ठिकाणी सात वर्षं मोजली जातात, काही ठिकाणी ३० दिवस झाले की आदेश मिळतो. आम्ही किरकोळ गुन्ह्यात नेहमी अपिलाची मुदत धरून मागणी करतो. समज देऊन सोडलेल्या पोराचं नाव सात वर्षं सांभाळून कुणाचं संरक्षण होतं, हा प्रश्न मंडळापुढे ठेवायलाच हवा. मुलगा निर्दोष सुटला असेल तर तो आणखी ठामपणे ठेवावा, कारण नियम १४ दोषसिद्धीच्या नोंदीविषयी बोलतो आणि इथे दोषसिद्धीच नाही.

अर्जात दोन मागण्या स्वतंत्रपणे लिहाव्यात. पहिली, नोंद नष्ट करण्याचा आदेश. दुसरी, तोपर्यंत कलम ७४(२) प्रमाणे ती उघड करू नये असं पोलिसांना पत्र. भरतीची पडताळणी दाराशी आलेली असते तेव्हा दुसरी मागणीच आधी उपयोगी पडते.

आदेशाचे शब्द नीट वाचावेत. ‘संबंधितांनी नियमानुसार कार्यवाही करावी’ एवढंच लिहिलं असेल तर त्या कागदाने काही होत नाही. आदेश पोलीस अधीक्षकांच्या नावे हवा. ठाण्याचे अंमलदार सांगतात की संगणकातली नोंद आमच्या लॉगिनमधून निघत नाही, वरून काढावी लागते. आदेश फक्त ठाण्याच्या नावे असेल तर तो तिथेच पडून राहतो. आदेशात ठाण्याचं नाव, नोंदीचा क्रमांक, वर्ष, सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीचा स्पष्ट उल्लेख आणि किती दिवसांत पूर्तता अहवाल द्यायचा ते यावं.

नाव एकाच ठिकाणी नसतं, घोळ तिथेच होतो. ठाण्यात स्टेशन डायरी, गुन्ह्याचं रजिस्टर आणि संगणक. जिल्ह्याच्या विशेष बाल पोलीस पथकाकडे एक प्रत. मंडळाची फाइल. परिविक्षा अधिकाऱ्याकडे सामाजिक तपासणी अहवालाची स्थळप्रत. मूल काही दिवस निरीक्षणगृहात राहिलं असेल तर तिथलं प्रवेश रजिस्टर, आणि त्याला दुसऱ्या जिल्ह्याच्या निरीक्षणगृहात ठेवलं असेल तर तेही. यातलं एक जरी राहिलं तरी तेच पुढे येतं. एका ठिकाणी सगळं निघालं आणि ठाण्यासाठी गावोगावची माहिती गोळा करणाऱ्या गोपनीय अंमलदाराच्या जुन्या वहीत नाव उरलं, असं आम्ही पाहिलं आहे. त्या वहीला कायद्यात जागा नाही, पण पडताळणीच्या वेळी तीच उघडली जाते.

नष्ट करण्याच्या कामातही एक चूक हमखास होते. नष्ट केल्याचा पंचनामा करताना त्यात मुलाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव आणि गुन्हा लिहितात. झालं, नवी नोंद तयार. पंचनाम्यात फक्त प्रकरण क्रमांक, वर्ष आणि आदेशाचा जावक क्रमांक असावा. हे आधीच लेखी सांगावं. नंतर सांगून उपयोग नसतो. मंडळाच्या आदेशाची एक सहीशिक्क्याची नक्कल मात्र मुलाने घरी जपावी, कारण जुनी माहिती पुन्हा वर आली तर दाखवायला दुसरं काही उरत नाही.

प्रौढ माणसं सोबत असलेल्या गुन्ह्यात अडचण वेगळी. कलम २३ प्रमाणे मुलाची आणि प्रौढाची कार्यवाही एकत्र चालवता येत नाही, म्हणून कागद दोन जागी जातात. मुलाचं प्रकरण मंडळात निकाली निघतं, पण प्रौढांच्या दोषारोपपत्रात त्याचं नाव, वय, पत्ता तसाच असतो आणि ते प्रकरण सत्र न्यायालयात दहा वर्षं चालू शकतं. मंडळाच्या २४(२) च्या आदेशाने ती फाइल बदलत नाही. आम्ही त्या न्यायालयात वेगळा अर्ज देतो: कलम ७४ पाहता मुलाच्या नावाऐवजी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ (कायद्याशी संघर्षात आलेलं मूल) असा उल्लेख करावा आणि निकालपत्रातही नाव येऊ नये. निकाल संकेतस्थळावर चढण्याआधी हा अर्ज द्यावा. एकदा चढलेलं नाव उतरवणं फार कठीण जातं.

आता त्या रकान्याकडे. कोरा सोडायचा, ‘नाही’ लिहायचं की खरं सांगायचं? सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या एका निकालात माहिती लपवण्याच्या प्रश्नावर सविस्तर नियम घालून दिले आहेत. लपवणं हेच उमेदवारी रद्द करण्याचं स्वतंत्र कारण होऊ शकतं. २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की अल्पवयात घडलेल्या गोष्टीवरून, दोषसिद्धी झाली असती तरीही, नोकरी नाकारता येत नाही. हे दोन्ही डोळ्यापुढे ठेवून आमचा सल्ला असा: वकिलाला नमुन्यातला प्रश्न शब्दशः दाखवा आणि मगच लिहा. प्रश्न फक्त अटकेचा असेल तर मुलाला कायद्याने अटक होत नाही, ताब्यात घेतलं जातं, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. प्रश्न सर्वव्यापी असेल तर ‘अल्पवयातील प्रकरण बाल न्याय मंडळासमोर निकाली, अधिनियमाचे कलम २४ व ७४ लागू’ एवढं लिहून आदेशाची प्रत जोडणं आम्हाला सुरक्षित वाटतं. गुन्ह्याचं वर्णन लिहू नये. ते सांगायला मुलगा बांधील नाही.

एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर पालकांना खोटी आशा लागते. सोळा पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल आणि प्राथमिक मूल्यांकनानंतर बालन्यायालयाने कलम १९(१)(i) खाली त्याला प्रौढाप्रमाणे चालवून दोषी ठरवलं, तर कलम २४(१) चं संरक्षण त्याला मिळत नाही आणि नियम १४ प्रमाणे त्याची नोंद बालन्यायालय जपून ठेवतं. अतिगंभीर म्हणजे किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त असलेला गुन्हा. मात्र ज्यांचा त्याच्याशी संबंध नाही अशा मुलांनाही हा अपवाद सांगून परत पाठवलं जातं. आदेशात १९(१)(i) आहे का ते बोट ठेवून दाखवा, असं विचारावं. नसेल तर अपवाद लागू नाही.

वयाचा वाद निघाला तर कलम ९४ पाहायचं. गुन्हा घडला त्या दिवशीचं वय धरतात. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची जन्मनोंद, तेही नसेल तरच हाडांची तपासणी, जी आदेशापासून १५ दिवसांत व्हावी लागते. आपल्याकडे अर्ध्या वर्गाचा जन्म १ जूनचा असतो, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेली असते. खरा जन्म नोव्हेंबरचा असेल आणि गुन्हा ऑगस्टचा, तर त्या एका तारखेने मूल प्रौढ ठरू शकतं. शाळेचा पुरावा आधी धरला जातो, म्हणून ग्रामपंचायतीची नोंद वेगळी असेल तर ती पहिल्याच तारखेला शाळेच्या निर्गम उताऱ्यासोबत (शाळेच्या प्रवेश रजिस्टरातील नोंदीची नक्कल) समोर ठेवावी. हातून ती वेळ गेलीच असेल तरी कलम ९(२) प्रमाणे वयाचा दावा कोणत्याही टप्प्यावर, प्रकरण निकाली निघाल्यावरही, करता येतो. प्रौढ म्हणून कारागृहात राहून आलेल्यांनाही हे दार उघडं आहे.

ज्यांचं लेकरू आज मंडळासमोर आहे, त्यांनी पुढचा त्रास आत्ताच वाचवावा. आदर्श नियमांप्रमाणे अतिगंभीर गुन्हा किंवा प्रौढांसोबतचा गुन्हा सोडला तर मुलाविरुद्ध एफआयआर नोंदवायचा नसतो. स्टेशन डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमी अहवाल पुरेसा आहे. एफआयआर नोंदवला असेल तर पहिल्याच तारखेला मंडळाच्या नजरेला आणून द्यावं. भरतीच्या नमुन्यात ‘गुन्हा दाखल’ हे शब्द पुढे त्या एका कागदामुळेच लागू होतात. रात्रभर कोठडीत ठेवलं, हातकडी घातली, जबाबावर सही घेतली, यातलं काही झालं असेल तर तेही तिथेच सांगावं.

सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत यायचा असतो. परिविक्षा अधिकारी घरी येतो, दाराला कुलूप, आणि शेरा पडतो: पालकांचे मुलाकडे दुर्लक्ष. आईबाप उसाच्या फडात रात्री दोनला उठून मोळ्या बांधत असतात आणि कागदावर ते बेजबाबदार ठरतात. हा शेरा जामिनाच्या वेळी आडवा येतो. म्हणून कोयत्यावर जाण्याआधी मुकादमाचा नंबर, कारखान्याचं गाव आणि घरी राहणाऱ्या आजी-आजोबांचं किंवा चुलत्याचं नाव लेखी देऊन पोच घ्यावी. जामिनाला दर आठवड्याला ठाण्यात हजेरीची अट असेल आणि ती पाळणं शक्य नसेल तर गप्प राहू नये, अट बदलून मागावी. जामिनाच्या अटी सात दिवसांत पूर्ण करता आल्या नाहीत तर अटी बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळासमोर आणायला कलम १२(४) सांगतं.

पारधी वस्तीतल्या मुलांबद्दल वेगळं लिहिणं भाग आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा गेला, पण आसपास चोरी झाली की आजही पहिली गाडी वस्तीवर येते. एकदा अल्पवयात नोंद झालेल्या मुलाला संशयित म्हणून पुन्हा पुन्हा उचलतात आणि त्या प्रत्येक उचलण्याने नोंद वाढते. इथे नष्ट करण्याचा आदेश भरतीपेक्षाही झोपेसाठी लागतो. आदेश मिळाल्यावर त्याची प्रत ठाण्याच्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला हाती द्यावी, पोच घ्यावी, आणि पुन्हा उचललं तर तीच प्रत घेऊन मंडळाकडे जावं.

गावात मात्र कागदाशिवायची नोंद असते. पडताळणीच्या वेळी ठाण्यातून पोलीस पाटलांना फोन जातो, ‘पोरगं कसं आहे?’ पाटील भाबडेपणाने जुनं सगळं सांगून टाकतात. आम्ही पडताळणीच्या आधी पाटलांकडे जाऊन कलम ७४ वाचून दाखवतो. बहुतेक पाटील ऐकतात, कारण त्यांनी ते पोर लहानपणापासून पाहिलेलं असतं.

पूर्तता अहवाल मंडळात आल्यावरही काम संपलं असं धरू नये. दोन-तीन महिन्यांनी मुलाने स्वतः चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करावा, नोकरीची गरज नसली तरी. प्रमाणपत्र स्वच्छ आलं तर त्याच्या दोन प्रती काढून ठेवाव्यात. जुन्या प्रकरणाचा क्रमांक छापून आला तर तोच कागद कलम ७४ च्या भंगाचा पुरावा आहे. तो आणि आदेशाची नक्कल घेऊन त्याच आठवड्यात मंडळासमोर उभं राहावं. हे सगळं पावसाळ्यात उरकावं. दसरा झाला की घरचे कारखान्यावर जातात आणि सही करायला गावात कुणी उरत नाही.